पाकिटातली भाजी आणि दोघांचे ताट

घरात दोनच माणसे उरली की सुपरमार्केटात तयार भाजीच्या पाकिटाकडे हात जातोच. कोथरूडला आमच्या घरी आता आम्ही दोघेच असतो, आणि दवाखान्याची किंवा बँकेची कामे उरकून परतायला ज्या दिवशी साडेसात वाजतात, त्या दिवशी राजम्याचे किंवा दाल मखनीचे एक पाकीट खरोखर उपयोगी पडते. माझ्या यजमानांना रक्तदाबाचा त्रास असल्यामुळे पहिली काही पाकिटे मी फार साशंक मनाने आणली. त्या शंकेतूनच हळूहळू एक पद्धत बसत गेली, ती येथे सविस्तर मांडते. पाकिटावर ‘दोघांसाठी’ असे लिहिलेले असले, तरी त्यात दोघांचे जेवण नसते. त्यात असते ती दोघांच्या संपूर्ण ताटाला पुरेल एवढ्या मिठाची आणि तेलातुपाची एक भाजी. म्हणून भोवतीचे सगळे ताट आपण बिनमिठाचे रचायचे, हा या पद्धतीचा गाभा आहे.

दुकानात ‘तयार’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू मांडलेल्या असतात. पाणी घालून शिजवायची कोरडी मिश्रणे, गोठवलेले पदार्थ आणि साध्या फळीवर ठेवलेली, फक्त गरम करायची ‘रेडी टू ईट’ पाकिटे. कोरड्या मिश्रणांशी पुण्याचे जुने नाते आहे, कारण गिट्स ही कंपनी १९६३ साली याच शहरात सुरू झाली. परंतु त्यांत स्वयंपाक आपल्यालाच करावा लागत असल्याने आजच्या विषयात ती येत नाहीत. मी मुख्यतः बोलणार आहे ते फळीवरच्या पाकिटाबद्दल.

हे पाकीट फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकते, म्हणजे त्यात काहीतरी औषध घातलेले असणार, असा समज आपल्याकडे सरसकट आढळतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. शिजवलेला पदार्थ बहुपदरी पाकिटात भरून, ते हवाबंद करून, मग त्या भरल्या पाकिटालाच दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जाते. या प्रक्रियेला रिटॉर्ट म्हणतात. आपला प्रेशर कुकरही साधारण याच तापमानाच्या जवळपास पोहोचतो. फरक इतकाच की कुकरचे झाकण उघडले की अन्नाला बाहेरची हवा लागते, आणि पाकिटातले अन्न मात्र सील न मोडता तसेच थंड होते. साध्या उकळत्या पाण्याने न मरणारे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणूही एवढ्या उष्णतेत नष्ट होतात, म्हणून वेगळ्या परिरक्षकाची गरज सहसा उरत नाही. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सीमेवरच्या जवानांसाठी या तंत्रावर पुष्कळ काम केले. आपल्या जिल्ह्यातही दौंड तालुक्यात भांडगावला टेस्टी बाइटचा कारखाना आहे आणि तेथील पाकिटे मोठ्या प्रमाणावर अमेरिकेला जातात. तिकडे शिकणाऱ्या मुलांच्या कपाटात दिसणारे पाकीट आपल्याच सोलापूर रस्त्यावरून गेलेले असू शकते, हे मला कळले तेव्हा फार बरे वाटले होते.

या प्रक्रियेचा परिणाम प्रत्येक पदार्थावर सारखा होत नाही आणि निवड करताना हेच सर्वांत आधी ध्यानात घ्यावे. जो पदार्थ घरीही पुष्कळ वेळ शिजल्यावरच चांगला लागतो, तो पाकिटातही चांगला राहतो. राजमा, छोले, दाल मखनी, अख्खा मसूर ही पाकिटे म्हणून मी निश्चिंतपणे घेते. पनीर मात्र दाबाखालच्या उष्णतेने चिवट होते, बटाट्याच्या फोडी पिठूळ होतात, भेंडीचा लगदा होतो आणि पालक व मटार यांचा हिरवा रंग जाऊन तो शेवाळी होतो. हा रंग बिघाडाचा नसतो. पानांतल्या हरितद्रव्यातील मॅग्नेशियम उष्णतेने निघून गेल्याचा तो परिणाम असतो, त्यामुळे पालक पनीर काळपट दिसले म्हणून ते टाकून देऊ नये. तयार पुलाव आणि बिर्याणीच्या वाट्याला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भाताची शिते एकमेकांना चिकटतात, आणि वीस मिनिटांत होणाऱ्या ताज्या भातासाठी पैसे मोजण्यात काही अर्थ नाही.

आता पाकीट उलटे करून मागची बाजू वाचावी. चष्मा विसरला असेल तर खरेदी पुढे ढकलावी, इतके हे महत्त्वाचे आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. राजम्याच्या पाकिटावर पाणी, कांदा, टोमॅटो आणि त्यानंतर राजमा असा क्रम दिसला, तर आपण मुख्यत्वे रस्सा विकत घेत आहोत हे समजावे. चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहाराचा आणि तपकिरी त्रिकोण मांसाहाराचा असतो. काजू, दूध किंवा गहू यांचे वावडे असणाऱ्यांसाठी वेगळी सूचना दिलेली असते. शेजारीच एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांक असतो, तो नसल्यास पाकीट घेऊ नये.

यानंतर सोडियमचा आकडा शोधावा आणि तेथे दुकानातच उभे राहून हिशेब करावा. आकडे बहुधा १०० ग्रॅमसाठी दिलेले असतात आणि पाकीट साधारण ३०० ग्रॅमचे असते. समजा, १०० ग्रॅममध्ये ४५० मिलिग्रॅम सोडियम आहे, तर संपूर्ण पाकिटात ते १,३५० मिलिग्रॅम झाले. सोडियमला अडीचने गुणले की मिठाचे वजन मिळते, म्हणजे या पाकिटात जवळजवळ ३.४ ग्रॅम मीठ आहे आणि दोघांच्या वाट्याला प्रत्येकी १.७ ग्रॅम येणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, म्हणजे एका वेळच्या भाजीतच दिवसाच्या मिठाचा तिसरा हिस्सा संपला. ‘प्रति सर्व्ह’ असे लिहिले असेल, तर तो सर्व्ह किती ग्रॅमचा धरला आहे हे अवश्य पाहावे. कधी तो १०० ग्रॅमचाच धरलेला असतो आणि आकडा उगाच लहान दिसतो.

आमच्या घरची युक्ती या हिशेबातूनच निघाली. ३०० ग्रॅमची भाजी दोन मोठ्या माणसांना खरे तर अपुरी पडते आणि मग दुसरे पाकीट फोडण्याचा मोह होतो. दुसरे पाकीट म्हणजे दुप्पट मीठ. त्याऐवजी त्या पदार्थाला साजेसे काहीतरी बिनमिठाचे घरी शिजवून पाकिटातल्या भाजीत मिसळावे. दाल मखनी असेल तर अर्धी वाटी अख्खा मसूर दुपारीच भिजत घालून भाताच्याच कुकरमध्ये वेगळ्या डब्यात शिजवावा. छोले किंवा राजमा असेल तर एक उकडलेला बटाटा कुस्करून घालावा किंवा लाल भोपळ्याच्या वाफवलेल्या फोडी घालाव्यात. भोपळ्याची किंचित गोडी टोमॅटोच्या आंबटपणाला सावरून घेते. पनीरची भाजी आणलीच असेल, तर शंभर ग्रॅम ताजे पनीर आणि मूठभर वाफवलेला मटार त्यात घालावा, म्हणजे चिवट तुकड्यांबरोबर काही मऊ तुकडेही घासाला येतात. असे केल्याने पाकिटातले मीठ कमी होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण तेवढ्याच मिठात दोघांचे पोट भरते आणि दुसरे पाकीट वाचते.

विकत घेण्यापूर्वी पाकीट हातात धरून चाचपून पाहावे. कडेची शिवण सलग असावी, कोठे चिकटपणा किंवा ओल नसावी आणि पाकीट फुगलेले तर मुळीच नसावे. एकदा एका दुकानातून घाईत उचललेले छोल्यांचे पाकीट घरी आल्यावर उशीसारखे टम्म दिसले. आत जिवाणूंची वाढ होऊन वायू तयार झाल्याचे ते लक्षण असते. असे पाकीट उघडू नये, चाखून पाहणे तर दूरच. मी ते तसेच नेऊन परत केले. दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

गोठवलेल्या पदार्थांबद्दल थोडक्यातच सांगते. ते उणे १८ अंशांवर राहायला हवेत, म्हणून बाकीची सगळी खरेदी झाल्यावर शेवटी उचलावेत आणि एप्रिल-मे महिन्यांत कर्वे रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीतून घरी न्यायचे असतील, तर उष्णतारोधक पिशवी बरोबर ठेवावी. आत बर्फाचे मोठे खडे जाणवले, तर पदार्थ एकदा वितळून पुन्हा गोठला आहे असे मानून तो परत ठेवावा. महावितरणच्या देखभालीसाठी गुरुवारी बराच वेळ वीज गेली आणि फ्रीझरमधला पदार्थ पूर्ण वितळला, तर तो पुन्हा गोठवण्याच्या भानगडीत पडू नये. गोठवलेले पराठे मात्र वितळू न देता थेट तापलेल्या तव्यावर टाकावेत, नाहीतर ते चिकटतात.

स्वयंपाकाला सुरुवात पाकिटापासून न करता ताटाच्या दुसऱ्या टोकापासून करावी. प्रथम दोघांसाठी पाऊण वाटी तांदूळ धुऊन बाजूला ठेवावेत. उत्तर भारतीय रश्शाबरोबर बासमतीच हवा असे नाही. दाल मखनीबरोबर आम्हांला मावळातला इंद्रायणीचा मऊ भातच अधिक आवडतो, कारण तो दाट डाळ धरून ठेवतो. भाताला मीठ घालू नये. फुलके करायचे असतील, तर कणकेतही ते घालू नये. भाकरीला ते एरवीही लागत नाही आणि म्हणून ज्वारीची भाकरी या पाकिटांची फार उत्तम सोबतीण आहे.

कुकर चढवल्यावर कोशिंबीर करावी. काकडी बारीक चोचवून, त्यात दाण्याचे कूट, चिमूटभर साखर, हिरवी मिरची आणि भरपूर लिंबू घालावे. आंबट चवीमुळे मिठाची उणीव फारशी जाणवत नाही, ही गोष्ट रक्तदाबाच्या पथ्यात मला सर्वांत उपयोगी पडली. ताटाच्या डाव्या बाजूला लोणचे आणि पापड वाढण्याची आपली रीत आहे, पण त्या दिवशी ती दोन्ही फडताळातच राहू द्यावीत, कारण त्यांतले मीठ मोजले तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो. त्यांच्या जागी साधे ताजे दही वाढावे.

भाजी सर्वांत शेवटी. पाकिटावर दोन रीती दिलेल्या असतात. न उघडता ते तीन ते पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवायचे, किंवा भांड्यात काढून मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे. पाकिटाच्या पदरांत बहुधा ॲल्युमिनियम असते, त्यामुळे ते जसेच्या तसे मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नये. मी या दोन्ही रीती सोडून भाजी कढईत काढते. रिटॉर्टच्या उष्णतेत कोथिंबीर, हिंग, जिरे यांचा वरवरचा सुगंध जवळजवळ नाहीसा होतो आणि मागे उरतो तो गरम मसाल्याचा व शिजलेल्या कांदा-टोमॅटोचा जड वास. ‘पाकिटाची चव’ म्हणून जे आपल्याला नकोसे वाटते ते हेच, आणि त्यावर ताज्या फोडणीसारखा उपाय नाही. एक चमचा साजूक तुपात जिरे तडतडू द्यावे, हिंगाची चिमूट, दोन ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि किसलेले आले घालावे, लसूण सोनेरी झाली की बिनमिठाचा शिजवलेला मसूर घालावा आणि त्यावर पाकीट रिकामे करावे. पाव वाटी गरम पाण्याने पाकीट विसळून ते पाणीही कढईतच ओतावे. मंद आचेवर पाच-सहा मिनिटे, सगळीकडून बुडबुडे येईपर्यंत उकळी काढावी, अधूनमधून तळापासून हलवावे, नाहीतर दाट डाळ खाली लागते. आच बंद केल्यावर चुरडलेली कसुरी मेथी आणि मंडईतून आणलेली ताजी कोथिंबीर घालून दोन मिनिटे झाकण ठेवावे. चव पाहावी, पण मीठ घालण्यासाठी नव्हे. काही कमी वाटले तर लिंबू पिळावे.

उरलेली भाजी काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी एकदाच नीट उकळून संपवावी. एकदा सील मोडले की ती घरच्या ताज्या भाजीइतकीच नाशवंत असते, पाकिटावरच्या तारखेचा मग तिच्याशी संबंध उरत नाही. भात उरला असेल तर तोही ओट्यावर तसाच ठेवू नये.

राहिले रिकामे पाकीट. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे पदर एकमेकांना चिकटवलेले असल्यामुळे त्याचे पुनर्चक्रीकरण अवघड असते. तरीही ते ओल्या कचऱ्यात टाकू नये. मधून चिरून, साबणाच्या पाण्याने आतली तेलकट बाजू धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात द्यावे, कारण सकाळी दारावर येणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना तो कचरा हाताने वेगळा करावा लागतो.