दुसरं मँडोलिन घ्यायच्या आधी हे करून बघा

एकच मँडोलिन पुरतं का असं शिकणारे बरेच जण विचारतात, तर माझं मत स्पष्ट आहे, बहुतेकांना पुरतं, फक्त ते नीट लावलेलं पाहिजे. होतं काय, तारा जुन्या झालेल्या असतात, ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) जागेवरून सरकलेला असतो आणि आपल्याला वाटतं वाद्यच हलकं आहे. मँडोलिनचा ब्रिज बहुतेक वेळा चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावरच उभा असतो, म्हणून ८ च्या ८ तारा एकदम काढू नका, एकेक करून बदला आणि मग १२ व्या पडद्यावर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) जुळतोय का ते ट्यूनरवर बघा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर ब्रिज किंचित टेलपीसकडे, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तिकडे, सरकवायचा, उतरलेला असेल तर उलट. एवढ्यानेच वाद्य बदलल्यासारखं वाटतं, खरंच!

दुसरं कधी घ्यायचं? ऑर्केस्ट्रात स्टेजवर वाजवत असाल तर घ्याच, ऐन गाण्यात तार तुटली की ती बदलून परत सुरात लावायला वेळ कुठे असतो. आणि रागदारी वाजवायची असेल तर, कारण जोडतारांवर (एकाच स्वरात लावलेल्या दोन-दोन तारांवर) मींड, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाणं, फार अवघड, दोन्ही तारा सारख्या ताणल्या जात नाहीत. प्रसिद्ध मँडोलिनवादक यू. श्रीनिवास कर्नाटक संगीत वाजवायचे ते एकेरी ५ तारांच्या इलेक्ट्रिक मँडोलिनवर. ते जवळजवळ वेगळंच वाद्य आहे, त्याला पैसे घालायला हरकत नाही. घरी रियाजापुरतं वाजवताय तर आधी तारांचा नवा सेट आणा.