शाळेसाठी जुना ड्रम सेट पुन्हा वाजता कसा करावा

जुना ड्रम सेट हाती आला की पहिला मोह होतो तो घासूनपुसून चकचकीत करण्याचा. तो आवरा. क्रोम कितीही चमकलं तरी आवाज ठरतो शेलच्या (ड्रमच्या पोकळ गोल अंगाच्या) कडेवर आणि तिच्यावर ताणलेल्या हेडवर, म्हणजे पडद्यावर. वेळ आणि पैसा आधी तिथे खर्च करा.

उघडण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि काय आहे, काय गायब आहे याची यादी करा. रॉड, म्हणजे हेड ताणणारे लांब स्क्रू, सोडवताना एकेक पूर्ण काढू नका. समोरासमोरचे थोडेथोडे ढिले करत जा, नाहीतर एकाच बाजूच्या ताणाने रिम (हेड दाबून धरणारं कडं) वाकते. प्रत्येक ड्रमचं सामान वेगळ्या डब्यात ठेवा. जुन्या सेटमध्ये अनेकदा दोन-तीन कंपन्यांचे तुकडे एकत्र नांदत असतात आणि त्यांचे आटे जुळतीलच असं नाही.

आता खरी परीक्षा. शेल जाड काचेवर किंवा गुळगुळीत दगडी ओट्यावर उभं ठेवा, खोलीत अंधार करा आणि आत टॉर्च लावा. कडेखालून जिथे प्रकाश झिरपतो तिथे खाच आहे किंवा कड बसली आहे. किरकोळ खडबडीतपणा बारीक सँडपेपरने जातो. मोठी खाच असेल तर कड नव्याने कापावी लागते. ते काम राउटर (लाकडाची कड कापायचं यंत्र) असलेल्या जाणकाराचं, घरी कानशीने करण्याचं नव्हे. व्यास दोन-तीन दिशांनी मोजा, म्हणजे शेल गोल राहिलं आहे का ते कळेल. प्लायचे थर सुटले असतील तर फटीत लाकडाचा गोंद भरून क्लॅम्प लावा आणि रात्रभर हात लावू नका.

स्वच्छतेला ओलं फडकं आणि सौम्य साबण पुरतो. थिनर किंवा ॲसिटोन वापरू नका, बाहेरचं प्लास्टिक आवरण विरघळू शकतं. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो. आट्यांना थोडंसं ग्रीस लावा. लगच्या (शेलवरचा, रॉड ज्यात फिरून बसतो तो तुकडा) आत स्प्रिंग खुळखुळत असेल तर तिथे कापसाचा किंवा फोमचा तुकडा कोंबा.

हेड घेताना रिम नव्हे, शेलचा व्यास इंचांत मोजा. बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा) २२, फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा) १६, टॉम (वर बसवलेले छोटे) १२ आणि १३, स्नेअर (खाली तारा लावलेला) १४ ही नेहमीची मापं. शाळेत बडवाबडवी होणारच, म्हणून टॉमला दुहेरी थराची हेड बरी. स्नेअरच्या खालचं हेड मात्र खास पातळ असतं. तिथे साधं हेड लावलं तर तारा नीट बोलत नाहीत. तारा वाकल्या असतील तर सरळ करण्यात वेळ घालवू नका, नव्या घ्या. पैसे कमी असतील तर आधी वरची हेड बदला. खालच्या हेडवर काठी पडत नाही, ती बरीच वर्षं टिकतात.

सगळे रॉड बोटांनी टेकेपर्यंत फिरवा, मग रॉड फिरवायच्या किल्लीने समोरासमोर अर्धा-अर्धा फेरा द्या. प्रत्येक रॉडसमोर कडेपासून इंचभर आत हलकेच टिचकी मारून ऐका. एखादी जागा चढी लागली तर ती थेट जुळवू नका. आधी खाली उतरवा आणि मग चढवत सुरात आणा. ट्यूनिंग त्यामुळे जास्त टिकतं.

झांजेच्या कडेला तडा असेल तर त्याच्या टोकाला बारीक भोक पाडतात. तडा पुढे सरकणं त्याने लांबतं, झांज काही बरी होत नाही. स्टँडवर फेल्ट (लोकरी नमद्याची चकती) आणि प्लास्टिकची नळी आहे ना ते मात्र बघाच. ती नसेल तर धातूचा दांडा झांजेचं मधलं भोक कापत जातो.

सेट गालिच्यावर मांडा, नाहीतर बेस ड्रम वाजवता वाजवता पुढे सरकतो. स्टँडच्या पायांच्या जागा रंगीत टेपने खुणावून ठेवा. बसायचं स्टूल उंची बदलणारं आणि न डुगडुगणारं हवं, कारण एकाच सेटवर लहानमोठी मुलं बसणार. ड्रमची किल्ली दोरीने स्टँडला बांधा. हरवण्यात तिचा नंबर पहिला. बंद खोलीत आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून वाजवणाऱ्यासाठी आणि शिक्षकासाठी इअरमफ, आणि सरावाला ड्रमवर ठेवून आवाज दाबणारी रबरी म्यूट पॅड घ्या. हा खर्च रंगरंगोटीच्या आधीचा.