कॉर्न स्नेकचं पिल्लू आणण्याआधी, परभणी-बीडच्या उन्हाच्या हिशोबानं

आधी कागद बघा, पैसे नंतर. नाग, धामण, अजगर हे आपल्याकडचे साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, मग तो शेतात सापडलेला असो की कुणी सर्पमित्रानं हौसेनं आणून दिलेला. कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी. तो साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत नाही. त्याच विक्रेत्याकडचा बॉल पायथन मात्र त्या यादीत आहे, आणि तो घेतला तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तरीही पिल्लू ठरवण्याआधी विभागीय वन कार्यालयात एक चक्कर टाकून आजचा नियम विचारून या. विक्रेत्याकडून पक्कं बिल घ्या, त्यावर पँथेरोफिस गुटाटस हे शास्त्रीय नाव आणि पिल्लू बंदिस्त पैदाशीतलं असल्याचा उल्लेख असू द्या. बिल द्यायला जो कांकू करतो त्याच्याकडून साप घेऊ नये, इतकं साधं आहे.

त्यानंतर घरच्यांशी बोलून घ्या. हा प्राणी सहज १५ ते २० वर्षं जगतो आणि वाढून साडेतीन ते पाच फुटांचा होतो. बारावीतल्या पोरानं आणलेला साप त्याच्या लग्नातही घरात असणार. पोरगं शिकायला पुण्याला गेलं की सापाचं कोण करणार, हे आईनं आजच विचारलेलं बरं.

आता खरा मुद्दा, उन्हाचा. कॉर्न स्नेकबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशातल्या माणसांनी लिहिलेलं असतं, त्यामुळे सगळा भर ऊब कशी द्यावी यावर. आपल्याकडे मार्च ते जून प्रश्न उलटा असतो. पिल्लू ज्या प्लास्टिकच्या डब्यात राहणार, त्याच्या एका टोकाला २९ ते ३१ अंश आणि दुसऱ्या टोकाला २३ ते २५ अंश लागतं. मे महिन्यात परभणीत बाहेर ४३ असताना स्लॅबखालची वरची खोली संध्याकाळी सातलाही भट्टीसारखी असते. ३५ च्या वर पारा राहिला तर पिल्लाच्या जिवावर बेततं. म्हणून जागा ठरवताना तळमजल्यावरची, आतली, पश्चिमेच्या भिंतीला न लागलेली खोली बघा. जुन्या माळवदाच्या घरातली मधली खोली मिळाली तर उत्तम. पत्र्याच्या खोलीत साप ठेवायचा विचारच करू नका. पिल्लू आणण्याच्या आधीच्या आठवड्यात त्या जागी दोन डिजिटल थर्मामीटर ठेवून दुपारी तीनचा आणि पहाटे पाचचा आकडा वहीत लिहून काढा. खोली चालेल की नाही ते वहीच सांगेल.

कूलर लावा, पण त्याचा झोत डब्यावर नको. कूलरमुळे हवा दमट होते, एरवीच्या कोरड्या उन्हाळ्यात ते उलट बरंच पडतं, फक्त डब्याला पुरेशी भोकं हवीत. इन्व्हर्टर असेल तर या खोलीचा पंखा त्याच्यावर घ्या, कारण लाईट नेमकी दुपारीच जाते. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवा. पारा चढला की बाटली फडक्यात गुंडाळून डब्याला बाहेरून टेकवायची, थंड टोकाच्या बाजूनं. आत पिल्लाशेजारी ठेवायची नाही.

डिसेंबर-जानेवारीत मात्र पुस्तकातला सल्ला लागू होतो. परभणीची पहाट कधीकधी दहा अंशांच्या खाली जाते. तेव्हा डब्याच्या एक तृतीयांश भागाखाली छोटी हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई लागते, आणि तिला ठरल्यापेक्षा जास्त तापू न देणारा थर्मोस्टॅट हवाच. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावू नका. ती तापत जाते आणि सापाला पोटाखालचा चटका उशिरा कळतो. थर्मोस्टॅटचा सेन्सर उबदार टोकाला डब्याच्या तळाशी चिकटवा. खोलीच तिशीवर गेली की मॅट बंद.

डबा मोठा घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू वीतभर ते फूटभर लांब आणि पेन्सिलीएवढं जाड असतं. मोठ्या जागेत ते बिथरतं आणि खाणं सोडतं. सहा ते दहा लिटरचा, दोन्ही बाजूंनी क्लिपा असलेला प्लास्टिकचा डबा पुरतो. सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं बाजूंना भोकं पाडा, पिल्लाच्या डोक्यापेक्षा निश्चित लहान, आणि आतली धार बोटानं तपासा. झाकण दाबून एका कोपऱ्यातून करंगळीचं टोक घालून बघा. टोक शिरलं तर पिल्लूही शिरेल. तळाला सुरुवातीला साधा टिश्यू पेपर. त्यावर विष्ठा आणि गोचीड लगेच दिसतात. देवदार किंवा पाइनचा भुसा नको. दोन्ही टोकांना लपायला एकेक जागा, पुठ्ठ्याची चालते, आणि न उलटणारी पाण्याची वाटी. बोअरच्या पाण्यानं वाटीला पांढरा थर धरतो, तो घासून काढत जा. कात टाकायच्या आधी डोळे निळसर-धुरकट होतात. तेव्हा ओलसर मॉस (शेवाळ) भरलेली छोटी डबी आत ठेवा, खायला देऊ नका आणि हातही लावू नका.

एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत, ती मुंग्यांची. लाल मुंग्या पिल्लाला रात्रीतून मारू शकतात. आज्जी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची, तोच उपाय स्टँडला करा. त्या खोलीत मच्छर अगरबत्ती, फवारा, लक्ष्मणरेषा आणि दिवाळीचा रंग, सगळं बंद.

खाण्याची सोय पिल्लाआधी घरात पाहिजे. लागतात ते गोठवलेले पिंकी, म्हणजे केस न आलेली उंदराची पिल्लं. पिल्लाच्या सगळ्यात जाड भागाएवढा किंवा किंचित मोठा, पाच ते सात दिवसांनी एक. आपल्याकडे हे गल्लीत मिळत नाहीत. पुण्या-मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून ट्रॅव्हल्सनं मागवावे लागतात, तेही हिवाळ्यात एकदम साठा करून. मग प्रश्न येतो फ्रीजरचा. श्रावणात ज्या घरी कांदा-लसूण बंद, त्या घरात मटाराच्या पिशवीशेजारी उंदीर राहणार नाही, आणि राहू नयेच. जुना छोटा फ्रीज मिळाला तर भांडण मिटतं. पिंकी रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात बंद पिशवीत वितळू द्यायचा, देण्याआधी पिशवीसकट कोमट पाण्यात धरून अंगाएवढा गरम करायचा, आणि लांब चिमट्यानं पुढे करायचा. मायक्रोवेव्ह नाही. घरात पकडलेला उंदीर तर कधीच नाही. त्यानं कुणाच्या घरचं औषध खाल्लंय हे तुम्हाला कळणार नाही. खाल्ल्यावर ४८ तास पिल्लू हातात घ्यायचं नाही. ओकलं तर दहा-बारा दिवस थांबून लहान घास द्या. दूध कुठलाच साप पचवत नाही, तेव्हा नागपंचमीला हळद-कुंकू आणि वाटी घेऊन शेजारच्या काकू येणार, त्यांना दारातच चहा द्या.

पिल्लू निसटलं तर काय, हे आधीच ठरवा. दाराखालच्या फटीत ओलं फडकं कोंबायचं, दिवे घालवायचे, फ्रीजच्या मागे आणि इन्व्हर्टरजवळ बघायचं, आणि रात्री भिंतीच्या कडेनं कणीक भुरभुरायची म्हणजे सकाळी वाट दिसते. पण यातली धोक्याची बाजू वेगळीच. पावसाळ्यात आपल्या घरांत मण्यार शिरते, खडकाळ भागात फुरसं असतं, आणि बॅटरीच्या उजेडात ठिपक्यांचं छोटं पिल्लू बघून ‘आपलंच आहे’ म्हणून हात घालणं जिवावर येऊ शकतं. डबा रिकामा असला तरी, ओळख पटल्याशिवाय उघड्या हातानं उचलायचं नाही. ओळख नसेल तर लांबून नजर ठेवा आणि ओळखीच्या सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ वर फोन करा. तुमच्या पिल्लाचे वरून आणि पोटाकडून काढलेले स्पष्ट फोटो दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या मोबाइलवर आधीच पाठवून ठेवा. शेजारचे दादा काठी शोधण्याआधी फोटो बघतील याची खात्री नाही, पण त्यांनी तुम्हाला हाक मारली तरी पुरे. सर्पमित्रालाही सांगून ठेवा, नाहीतर तो प्रामाणिकपणे पिल्लू माळावर सोडून येईल.

साप बघणारे डॉक्टर सगळीकडे नाहीत. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आजारपण येण्याआधी जाऊन सापांवर उपचार करणारं कुणी आहे का, नसेल तर पुण्यात कुणाकडे पाठवतात, ते विचारून ठेवा. घरी सोनारासारखा ग्रॅमचा छोटा काटा ठेवा. वजन, खाल्ल्याची तारीख आणि कात याच वहीत. हाताळल्यावर साबणानं हात धुवा, कारण साल्मोनेला, म्हणजे सापांच्या अंगावर असू शकणारा जुलाबाचा जंतू. पाच वर्षांखालच्या लेकरांच्या हातात साप द्यायचा नाही.

पिल्लू घेताना त्यानं गोठवलेलं खाणं किमान तीनदा खाल्ल्याची नोंद मागा, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत नाही ना ते कान लावून ऐका. आणायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कापडी पिशवीत, पिशवी हवेशीर डब्यात, आणि डबा तुमच्या मांडीवर, बसच्या डिकीत नाही. घरी आल्यावर पहिले पाच-सात दिवस पाणी बदलण्यापलीकडे काही करायचं नाही. पाहुण्यांना दाखवायला तर मुळीच काढायचं नाही.