बोटीची मोटर का तापत होती?

माझ्या ६० सेंटिमीटर लांबीच्या रिमोट कंट्रोल बोटीतील जुनी ब्रशवाली मोटर काढून मी २,००० केव्हीची ब्रशलेस मोटर (केव्ही म्हणजे येथे किलोव्होल्ट नव्हे, तर दर व्होल्टमागे भाराविना मिनिटाला होणारे फेरे) आणि ११.१ व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी बसवली. भाराविना मिनिटाला सुमारे २२,००० फेरे मिळायला हवे होते, परंतु बोट जेमतेम अर्धा मिनिट धावून, मोटर चटका बसण्याइतकी तापून बंद पडत असे. थंडाव्यासाठी पाणी फिरवणारी नळी मी दोनदा फुंकून पाहिली. ती मोकळीच होती.

दोष मोटरची गती पंख्यापर्यंत नेणाऱ्या लवचीक शाफ्टच्या जोडणीत निघाला. भार आल्यावर शाफ्टला पीळ बसतो आणि तो किंचित आखडतो; मी मात्र पंख्याला शाफ्टशी जखडणारी कडी शाफ्टच्या मागच्या आधाराला अगदी चिकटवून बसवली होती, त्यामुळे तेथील पितळ घासून आरशासारखे चकाकत होते. शाफ्ट मागे सरकवून ३ मिलिमीटरची फट ठेवली आणि काळे पडलेले ग्रीस पुसून नवे जलरोधक ग्रीस भरले (काम कंटाळवाणे, पण टाळण्यासारखे नाही). आता तीन मिनिटे धावल्यावरही मोटरला हात लावता येतो.