बाग वाचवायची तर 'तरतूद नाही' म्हणायच्या आत पोहोचा

महापालिकेच्या बागेबद्दल लोक तक्रार करायला निघतात ते एप्रिल-मे महिन्यात. हिरवळ वाळलेली असते, मुलांना सुट्ट्या लागलेल्या असतात, झोपाळ्याची साखळी तुटलेली असते. तोवर अंदाजपत्रक मंजूर होऊन गेलेलं असतं. मग उद्यान विभागात ठरलेलं उत्तर मिळतं, "तरतूद नाही." आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. म्हणून बागेची मोहीम पावसाळ्यात सुरू करावी, जेव्हा सगळं हिरवंगार असतं आणि कुणालाच काही तक्रार नसते.

पहिली पायरी: जागेचा कागद

बागेला फाटक आहे, फलक आहे, उद्घाटनाची कोनशिलाही आहे. पण जमीन कुणाच्या नावावर आहे? नगररचना किंवा बांधकाम परवानगी विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला (जागा कशासाठी राखली आहे ते सांगणारा कागद) घ्या आणि मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा. विकास आराखड्यात 'उद्यान' असं आरक्षण असलं, म्हणजे जागा पालिकेची झाली असं नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार आराखडा अंतिम झाल्यापासून 10 वर्षांत पालिकेनं जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षणच व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. म्हणजे फाईल टेबलावर नुसती पडून राहिली तरी बाग जाऊ शकते. जागा ताब्यात नसेल तर तुमची पहिली मागणी झोपाळ्याची नाही, भूसंपादनाच्या तरतुदीची.

दुसरी: मोजणी

भायखळ्याच्या राणीच्या बागेचं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. 2007 च्या सुमारास मुंबई महापालिकेनं 400 कोटींहून अधिक खर्चाचा पुनर्विकास आराखडा आणला, तेव्हा काही महिलांनी पुढाकार घेऊन बागेतली झाडं मोजायला घेतली. 3000 हून जास्त झाडं, अडीचशेहून अधिक प्रजाती, सगळ्याची नोंद झाली. 'निसर्ग वाचवा' म्हणणाऱ्याला साहेब चहा पाजून परत पाठवतात. झाडांच्या यादीला मात्र उत्तर द्यावं लागतं. तो आराखडा मूळ रूपात पुढे गेला नाही.

तुमच्या बागेतली झाडं तीसच असतील, तरी मोजा. एक रविवार, दोन-चार माणसं, टेप आणि वही. नोंद अशी हवी: "पूर्वेच्या फाटकाजवळचा नळ, चक्री फिरते, पाणी नाही. दिव्याचे खांब 14, संध्याकाळी 7 वाजता चालू 5. घसरगुंडीचा खालचा पत्रा फाटलेला, कड वर आलेली." प्रत्येकाचा तारखेसह फोटो. 'बागेची दुरवस्था झाली आहे' हे वाक्य अर्जात कुठेही नको.

तिसरी: पैसा कुठे मुरतो

ही खरी गोम आहे. बागांना पैसा मिळत नाही असं सरसकट म्हणता येत नाही. नवं प्रवेशद्वार, संगीत कारंजं, रंगीत दिवे, पेव्हर ब्लॉक यांना तो सापडतो, कारण ही भांडवली कामं. त्यांचं उद्घाटन होतं, फलक लागतो. माळी, रखवालदार, पाणी, खत, पंपाची दुरुस्ती हा महसुली खर्च. त्याला नारळ फोडता येत नाही. म्हणून कारंजं एका पावसाळ्यात बंद पडतं आणि त्यात डास होतात. माझं मत स्पष्ट आहे: एकही नवं काम मागू नका, देखभालीचं अर्थशीर्षक, म्हणजे अंदाजपत्रकात त्या खर्चाची स्वतंत्र नोंद, मागा.

त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे पाल्हाळ नको. विचारायचं एवढंच: या उद्यानासाठी गेल्या तीन वर्षांतली तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च, देखभालीच्या निविदेची व कार्यादेशाची प्रत, ठेकेदारानं किती माळी द्यायचे होते आणि त्यांची हजेरी. निविदेत चार माळी आणि बागेत रोज एकच दिसत असेल, तर अर्धी लढाई तिथेच जिंकलीत.

चौथी: मागणी आणि माणसं

आयुक्त अंदाजपत्रक साधारण जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे मांडतात. विभागांच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी गोळा होतात. तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत एक पानाचं पत्र क्षेत्रीय कार्यालयात द्या, प्रती उद्यान अधीक्षकांना आणि नगरसेवकांना. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू झाली. त्यात बाक, दिवे अशी छोटी कामं सुचवता येतात. तुमच्या शहरात तशी सोय असेल तर वापराच.

पत्राखाली सह्या कुणाच्या? बहुतेक ठिकाणी फक्त सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठांच्या असतात. दुपारी सावलीत डबा खाणाऱ्या धुणीभांडी करणाऱ्या बायका, क्रिकेटवाली पोरं, संध्याकाळी मुलांना आणणाऱ्या आया यांना कुणी विचारतच नाही. मग मागण्याही तशाच येतात: दुपारी बाग बंद ठेवा, पोरांना हाकला. अशा मोहिमेला नगरसेवक गांभीर्यानं घेत नाही, आणि का घ्यावं?

कुणी संस्था बाग 'दत्तक' घ्यायला पुढे आली तर हुरळून जाऊ नका. मुंबईत 2016 साली मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या धोरणावरून एवढं वादळ उठलं की राज्य सरकारला स्थगिती द्यावी लागली. करारात मुदत किती, प्रवेश सर्वांना मोफत आहे का, बांधकामाची परवानगी आहे का, हे आधी वाचा.

जागेवरच घाला आला तर

आरक्षण बदलायचं असेल तर त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली फेरबदलाची सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात, सहसा महिनाभराच्या मुदतीत. ती सूचना वर्तमानपत्राच्या अशा कोपऱ्यात येते की लक्ष जाऊ नये. गटातल्या एकानं हे पान रोज पाहायचं काम घ्यावं. हरकत प्रत्येकानं वेगळी, स्वतःच्या शब्दांत, सर्व्हे नंबर टाकून द्यावी आणि सुनावणीला हजर राहावं. झाडं तोडायची असतील तर वृक्ष प्राधिकरणाकडे हरकत. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं वा त्याहून जुनी झाडं 'हेरिटेज वृक्ष' धरली जातात, म्हणून वयाचा पुरावा जोडा.

कोर्ट शेवटी; वेळ आणि पैसा दोन्ही खातं. तिथवर जावंच लागलं तर वकिलाला बंगळूरचा निकाल माहीत असेलच: उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती, ते देणं 1991 साली सर्वोच्च न्यायालयानं चुकीचं ठरवलं.

तरतूद मंजूर झाली म्हणून गट मोडू नका. डिसेंबर-जानेवारीत पुन्हा खर्चाचा आकडा विचारा. न वापरलेला पैसा मार्चअखेरीस 'वर्गीकरण' करून दुसऱ्या कामाकडे वळवला जातो, आणि बागेचा पैसा रस्त्याच्या डांबरात गेल्याचं मग तुम्हाला मे महिन्यात कळतं.