मलेरिया किटची मुदत तपासताय? या चुका टाळा

"कंट्रोलची रेघ आली ना सर, मग किट चांगलंय." प्रयोगशाळेत नवीन आलेलं प्रत्येक पोरगं हे ऐकवतं. अरे, ती रेघ एवढंच सांगते की बफर, म्हणजे रक्त वाहून नेणारा द्राव, पट्टीवरून वर चढला आणि रेघेला रंग देणारं सोन्याच्या कणांचं मिश्रण सोबत गेलं. मलेरिया ओळखणाऱ्या टेस्टच्या रेघेवरची अँटीबॉडी वेगळी असते. ती मेली तरी कंट्रोल दिमाखात उमटते.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. मुदत तपासायला गडद पॉझिटिव्ह रक्त घेतात. भरपूर परजीवी असलेल्या सँपलवर किटची ताकद निम्मी झाली तरी रेघ ठसठशीतच दिसते. खराबी पहिल्यांदा दिसते ती क्षीण सँपलवर, म्हणून मायक्रोलिटरला २०० परजीवींचं सँपल हवंच. सोबत निगेटिव्हही लावा.

क्षीण सँपलचीही गंमत आहे. एकदा नवव्या महिन्याच्या तपासणीत व्हायव्हॅक्स या मलेरिया परजीवीची रेघ गायब! पीएलडीएच हे परजीवीचं एन्झाइम ओळखणारी रेघ उष्णतेला एचआरपी-२ या फाल्सिपेरम परजीवीच्या प्रथिनाच्या रेघेपेक्षा नाजूक, हे ठाऊक असल्याने मी किटचा अख्खा लॉट नापास करून मोकळा झालो. रिपोर्टवर सहीसुद्धा ठोकली. मग सहज त्याच लॉटचं ४ अंशांवर जपलेलं किट लावलं. तिथेही रेघ नाही. दोष सँपलचा होता. एकच कुपी दर वेळी वितळवायची, उरलेलं पुन्हा गोठवायचं, असं आम्हीच चालवलं होतं. किटवर आळ आला, दोन महिने गेले आणि सही मागे घ्यायची लाज वाटली ती वेगळीच. तेव्हापासून सँपल छोट्या कुप्यांत उणे ७० अंशांवर, एक कुपी एकदाच. फ्रिजमधलं जोडीदार किट लावल्याशिवाय मी कुणाचाही निकाल वाचत नाही.

४५ अंशांवर दोन महिने ठेवून थेट "मुदत २४ महिने" छापायची घाई करू नका. अशी वेगवान चाचणी फक्त अंदाज देते. पट्टीचा कागद, गोंद, पाऊचची शिवण हे सगळं तापमानावरून बिघाडाचा वेग काढणाऱ्या अऱ्हेनियसच्या सूत्राला बांधील नसतं. खऱ्या तापमानावर खरे २४ महिने थांबावंच लागतं. गडचिरोलीत आशाताईच्या घरी मे महिन्यात किट कशा उन्हाळ्यातून जातं, ते आठवा आणि प्रवासातल्या चढउतारांची चाचणी वेगळी करा. थर्मामीटर चेंबरच्या दाराशी टांगू नका, खोक्याच्या मधोमध ठेवा.

पाऊच आधीच फोडून ठेवू नका. पट्टीतलं नायट्रोसेल्युलोज दमट हवेत बिघडतं.

निकाल वाचायची वेळ किटच्या माहितीपत्रकावर लिहिलेलीच पाळा. चहा पिऊन आल्यावर दिसलेली पुसट रेघ पॉझिटिव्ह धरायची नाही. वाचणारे दोघं असावेत आणि कुठलं किट उष्णतेतलं, हे दोघांनाही ठाऊक नसावं.

बफरच्या बाटलीकडे कुणी बघतच नाही. मी ती पहिल्या दिवशी तराजूवर ठेवतो आणि वजन तिच्यावरच लिहितो. पुढच्या तपासणीला वजन घटलेलं दिसलं, तर किटला हात लावण्याआधी बाटलीचं झाकण तपासतो.