जुन्या पिकअपच्या मीटरचे दिवे गेलेत? दुरुस्ती करताना या चुका टाळा

नारायणगावात टोमॅटोचे क्रेट भरून रात्री वाशी मार्केटला निघायचं, माळशेज घाटात धुकं लागायचं आणि समोर मीटरमध्ये काळोख. वेग दिसत नाही, इंजिन किती तापलंय ते कळत नाही, डिझेलचा काटा कुठे आहे ते मोबाइलच्या उजेडात बघावं लागतं. जुनी पिकअप चालवणाऱ्या बहुतेकांनी अशी एखादी रात्र काढलेली असते. दुसऱ्या दिवशी घाईघाईत मीटर उघडून बल्ब बदलले जातात, आठवड्याने पुन्हा तेच. माझ्या गाडीवर मी हे दोन पावसाळे केलं. त्यातून कळलं, की निम्म्या वेळा बल्बचा दोष नसतोच.

मीटर उघडण्याआधी गाडीच्या मागे जा

पार्किंग लाइट लावा, खाली उतरा आणि टेल लॅम्प बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत मीटरचे दिवे आणि टेल लॅम्प एकाच फ्यूजवर असतात. दोन्ही बंद असतील तर डॅशबोर्डला हात लावायची गरज नाही, आधी फ्यूज तपासा. आणि हे पाहायला उशीर करू नका. मागचे दिवे बंद असलेली भरलेली गाडी हायवेवर हळू चालली असेल, तर मागून येणाऱ्याला ती फार उशिरा दिसते.

टेल लॅम्प चालू असतील तर मीटरकडे नीट बघा. एकच कोपरा अंधारा असेल तर बल्ब किंवा त्याचा होल्डर. सगळंच अंधारं असेल तर डिमर (मीटरचा उजेड कमी-जास्त करणारी चाकी), कपलर (मीटरमागे वायरी जोडणारा प्लग) नाहीतर अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याचा जोड. सगळे बल्ब एकाच दिवशी उडत नाहीत. उडालेच असतील, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट असायला हवेत. १५ च्या वर आकडा गेला तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय, आणि कितीही नवे बल्ब घाला, ते टिकणार नाहीत.

डिमरची चाकी असेल तर ती चार-पाच वेळा मागेपुढे फिरवून पाहा. डॅशबोर्ड पुसताना ती नकळत खाली गेलेली असते. फिरवताना दिवे लुकलुकत असतील तर डिमर आतून झिजलाय.

फ्यूजच्या जागी तार किंवा चंदेरी कागद

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३०. लाल फ्यूज वारंवार उडतोय म्हणून हिरवा घातला, तर आता फ्यूज वाचेल आणि वायर जळेल. माझ्या गाडीत पावसाळ्यात फ्यूज उडायचा. एका वायरमनने तिथे तांब्याची तार गुंडाळून दिली. दिवे लागले, पण महिन्याभरात मीटरच्या पाठीवरची, वायरींचं काम करणारी छापील तांब्याची फिल्म करपली आणि अख्खं मीटर जुन्या बाजारातून शोधून आणावं लागलं. खरं कारण नंतर सापडलं: समोरच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपून थेट फ्यूज बॉक्सवर ठिबकत होतं. फ्यूज उडतो तो काहीतरी सांगत असतो, त्याचं तोंड बंद करू नका. टेपरेकॉर्डरसाठी मीटरच्या वायरवरून घेतलेला जोड, उंदरांनी कुरतडलेली वायर, बॉडीच्या पत्र्यावर घासून सोललेली वायर, हे आधी शोधा.

मीटर ओढून काढणं

आधी बॅटरीची निगेटिव्ह सुटी करा. मग स्क्रू. मीटर थोडं पुढे आलं की थांबा. स्पीडोमीटर केबलवर चालणारा असेल तर ती मागे अजून जोडलेली असते. हिसका दिलात तर केबल किंवा तिची टोपी तुटते. हात मागे घालून केबल आणि कपलर सोडवा, त्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. परत बसवताना केबल तीव्र वळली तर काटा थरथरायला लागतो.

होल्डर पाव फेरा डावीकडे फिरवला की बाहेर येतो. त्याचे पितळी पाय आणि फिल्मवरच्या जागा काळ्या पडल्या असतील तर शाळेतल्या खोडरबराने घासा. पॉलिश पेपर अजिबात नको, तांब्याचा थर इतका पातळ असतो की दोन घासण्यात निघून जातो. मीटरच्या पारदर्शक काचेलाही थिनर किंवा पेट्रोल लावू नका. ती प्लास्टिकची असते आणि कायमची धुरकट होते.

जास्त वॅटचा बल्ब

जुन्या बल्बवर लिहिलेला वॅट वाचा आणि तोच आणा. २ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ०.१७ अँपिअर घेतो, ५ वॅटचा ०.४ च्या वर. उजेड वाढतो, पण उष्णताही वाढते. बल्बवरची हिरवी-निळी टोपी वितळते आणि होल्डर पिवळा पडतो.

सगळीकडे एलईडी

उजेडासाठी असलेल्या बल्बांच्या जागी एलईडी चालतो. लागला नाही तर खराब म्हणून टाकू नका, काढून उलटा बसवा. एलईडीला प्लस-मायनसची बाजू असते.

पण बॅटरीचं चित्र असलेल्या चार्जिंगच्या दिव्याला हात लावू नका. अनेक जुन्या गाड्यांत चावी फिरवल्यावर याच बल्बमधून थोडा करंट अल्टरनेटरमध्ये जातो आणि त्या करंटवर अल्टरनेटर जागा होतो. एलईडी इतका कमी करंट सोडतो, की इंजिन चालू होऊनही चार्जिंग सुरू होत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावरच होतं. बल्ब उडाला असला तरी हाच त्रास. मग माणूस बॅटरी बदलतो, अल्टरनेटर उघडतो, आणि दोष असतो मीटरमधल्या एका छोट्या बल्बचा. तिथे साधा, मूळ वॅटचाच बल्ब ठेवा. इंडिकेटरसाठी मीटरमध्ये डावी-उजवी मिळून एकच बल्ब असेल तर तिथेही एलईडी नको, तो एकाच बाजूला लागेल.

अर्थिंगकडे दुर्लक्ष

हेडलाइट लावला की तापमानाचा काटा वर चढतो. इंडिकेटर दिला की मीटरचे दिवे त्याच तालावर मंद होतात. भलताच दिवा फिकट पेटतो. अशी विचित्र लक्षणं दिसली की लोक मीटर बदलायला निघतात. बहुतेक वेळा ही अर्थिंगची खूण असते: करंटला परतीची वाट मिळत नाही म्हणून तो दुसऱ्या दिव्यांतून आणि काट्यांमधून वाट काढतो.

तपासणी सोपी आहे. एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरच्या अर्थ वायरला. दिवे झटकन उजळले तर दोष सापडला. मल्टीमीटर असेल तर दिवे चालू ठेवून याच दोन जागांमधला व्होल्टेज बघा. तो शून्याच्या जवळ हवा, अर्धा व्होल्ट आला तरी जोड खराब समजा. डॅशबोर्डच्या आत अर्थ वायर जिथे बॉडीला स्क्रूने कसलेली असते, ती जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर नक्की बघा, त्या स्क्रूखाली रंग बसलेला असतो. जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका. डॅशबोर्डच्या उन्हात तिचा डिंक सुटतो. सोल्डर करून वर स्लीव्ह (वायरवर बसणारी नळी) चढवा.

धोक्याचे दिवे झाकणं

लाल दिवा सतत पेटतो म्हणून काही जण बल्बच काढून टाकतात, आणि गाडी विकताना तर हे सर्रास होतं. मीटर परत बसवताना सगळे स्क्रू कसण्याआधी बॅटरी जोडा आणि इंजिन चालू न करता चावी फिरवा. ऑइल आणि चार्जिंगचे दिवे पेटले पाहिजेत, आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. ऑइलचा पेटला नाही तर इंजिन बंद ठेवून, चावी तशीच चालू ठेवून, ऑइल प्रेशर स्विचवरची एकेरी वायर काढा आणि बॉडीला टेकवा. दिवा लागला तर वायर आणि बल्ब ठीक आहेत, स्विच बदला. नाही लागला तर मीटर पुन्हा बाहेर काढा. या एका दिव्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका. ऑइलचं प्रेशर गेल्यावर इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही.